आपला फाऊल आपणच सांगायचा

मांडवीच्या आमच्या पूल क्लबात टेबल एकच, पण किस्से इतके साठलेत की बॉलना पॉकेटात जागा मिळत नाही! मी थोडा मीठमसाला लावतो, कबूल. पण फाऊलच्या बाबतीत नाही. आमच्याकडे अंपायरच नाही. ज्याचा फाऊल, त्यानंच हात वर करायचा. समोरच्यानं ब्र काढायचा नाही.

सुर्वे मास्तर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. एकदा जिंकून पावस गावी घरी गेले आणि सकाळी सहाला मला फोन!
"काल तिसऱ्या गेमला माझी बाही बॉलला लागली. तो गेम हरलो असं धर."
"अहो, कालच सांगायचं ना!"
"आंघोळ करताना आठवलं!"

इब्राहिम कुवेतहून सुट्टीवर येतो. दर सुट्टीला पोट दोन इंच पुढं. एकदा वाकला तर पोटानं तीन बॉल हलवले, त्यातला एक पॉकेटात! हात वर करून म्हणतो, "फाऊल माझा नाय, बायकोच्या बिर्याणीचा!"
मास्तर म्हणाले, "मग हातही तिलाच वर करू दे!"

एकदा एक पाहुणा आला. त्याची क्यूची काठी एकाच फटक्यात बॉलला दोनदा लागली, म्हणजे फाऊलच. टक-टक. सगळ्यांनी ऐकलं. पाहुणा गप्प. मास्तरांनी आपला क्यू स्टँडला लावला. मग इब्राहिमनं. मग मी. पाहुण्यानं आणखी दोन बॉल घातले, पण त्याला घाम फुटला. शेवटी हात असा वर गेला, जणू कुणी बंदूक रोखलीय!

आणि परवाचं. मास्तर लेकीकडे बेंगळुरूला कायमचे निघालेले. इब्राहिमची दुसऱ्या दिवशी फ्लाइट. आठ सुट्ट्यांत त्यानं मास्तरांना एकदाही हरवलं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही.

शेवटच्या गेमला त्याचा फक्त काळा बॉल उरला होता. मास्तरांचे अजून दोन. काळ्यावर फाऊल म्हणजे गेमच गेला! इब्राहिमनं श्वास ओढून पोट आवळलं. वाकला. मास्तर समोरच उभे.

काळा आत! आम्ही ओरडलो. इब्राहिम तसाच वाकलेला. मग हळूहळू त्याचा हात वर गेला.

"पोट लागलं, मास्तर. तुमच्या बॉलला."

"काहीतरीच! मी इथंच उभा आहे. मला नाही दिसलं. जिंकलास तू."

"पण मला लागलं ना!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इब्राहिमचा हात अजून वरच.

मग मास्तरांनीही हात वर केला.

"फाऊल माझाही. मला दिसलं होतं."