जुना पूल पाडून ‘जुना’ पूल बांधणारं हॉटेल

मंडळी, घरी येऊन तास होत आला तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

इंग्रजांच्या काळात बेलापूरहून शेवगावकडे रेल्वे जाणार होती. मातीचा भराव पडला, ओढ्यांवर घडीव दगडांचे छोटे पूल झाले, पण रूळ कधी टाकलेच नाहीत. नेवाशाकडचा त्यातला एक पूल दाखवायला आज मैत्रिणीला घेऊन गेले, तर तिथं जेसीबी कमान पाडत होता आणि दगड ट्रॅक्टरमध्ये भरणं चालू होतं.

“दादा, हे काय करताय?”

ट्रॅक्टरवाला म्हणाला, “ताई, हितनं रेल्वे कधी गेलीच न्हाई. मग कुनाचं काय बिघडलं?”

दगड हायवेवरच्या हॉटेलात चालले होते. आम्ही ट्रॅक्टरच्या मागोमाग गेलो.

हॉटेलच्या दारात पत्र्याचा रंगवलेला रेल्वेचा डबा. शेजारी गवंडी त्याच दगडांची कमान रचत होते. मालक कौतुकानं सांगायला लागले, “जुन्या रेल्वेपुलाचा लुक देतोय. लोकांना जुनं लई आवडतं.”

मी म्हटलं, “अहो, खरा जुना पूल तर तुम्ही आत्ता पाडलात!”

“तिकडं कोन जातंय, ताई?” असं म्हणून त्यांनी आम्हालाच कमानीपुढं उभं राहायला सांगितलं. फोटोसाठी!

थोड्या दिवसांत तुमचेही तिथले फोटो इथं दिसतील. दिसू देत. फक्त खाली ‘जुन्या आठवणी’ असं लिहू नका, एवढं कराल का?