उलट्या आट्यांचा मिस्त्री

साताऱ्याहून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर सांगलीच्या स्टँडवर तंबाखू मळता मळता म्हणाला, "आण्णा, आष्ट्याचं दस्तगीर मिस्त्री गेलं की." गूळ उतरला म्हणावं तितक्या सहज. त्याला काय ठाऊक, की पाच वर्षं मी त्या माणसाला तोंड चुकवत होतो! गाडी आष्ट्यात थांबली की मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरायचो...

युद्धाच्या दिवसांत आमच्या मोटार सर्व्हिसमध्ये मी कारकून आणि ते मिस्त्री. माणूस तिखट. पान्याला हात लावू देण्याआधी नव्या ड्रायव्हरला ते आमच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या डाव्या बाजूला उभं करायचे. तिच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. सारं जग ज्या बाजूला फिरवून नट सोडतं, त्या बाजूला हे आवळायचे. "सोडायचं तर आवळल्यावानी फिरव, गड्या. हितं जोर न्हाई, ध्यान लागतं," हा त्यांचा पहिला धडा. पण तालमीतून आलेल्या एका ड्रायव्हरला ध्यानाचं वावडं होतं. कासेगावजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं, तेव्हा गडी पान्यावर उभा राहून नाचला. नट सुटला तर नाहीच, तीन बोल्ट मात्र मोडले.

लढाईमुळे सुटे भाग मिळेनात. मालकांनी लेथवर साधे, सरळ आट्यांचे बोल्ट आणि नट करून आणले आणि मिस्त्रींपुढे टाकले. मिस्त्रींनी एक नट फिरवून पाहिला आणि परत ठेवला. "मालक, डाव्या अंगाला ह्ये चालायचं न्हाईत. गाडी पळंल तसं ढिलं हुत्यात. मी न्हाई बसवणार." मालक म्हणाले, "मग घरी बसा." चाक त्या ड्रायव्हरनंच बसवलं. मी तिथेच, चार हातांवर उभा होतो. शब्द न् शब्द ऐकला.

चौथ्या दिवशी कराडच्या अलीकडे ते चाक निखळलं आणि गाडी चरात गेली. औंधकडचा एक शिपाई, ब्रह्मदेशातून जिवंत परतलेला, सासुरवाडीहून घरी निघाला होता. तो जागीच गेला. फौजदारापुढे मालक बेधडक म्हणाले, मिस्त्री नट आवळायचा विसरला. ड्रायव्हरनं मान डोलावली. मग फौजदारानं मला विचारलं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्या नजरेत, खात्री होती. मी म्हणालो, "मी आत होतो. मला काही ठाऊक नाही."

नोकरी टिकली, पुढे बढतीही मिळाली. मिस्त्रींवर खटला उभा राहिला नाही, पण सांगली-साताऱ्यात एकाही गॅरेजनं त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. 'माणूस मारणारा मिस्त्री' हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. असा कसबी हात आष्ट्यात सायकलींची पंक्चरं काढत राहिला. मालकांचा मला राग येतो, पण तो सोयीचा राग आहे. खरी किळस माझीच येते.

बातमी कळल्यावर आठवड्यानं आष्ट्याला गेलो. घर स्टँडसमोरच, एका खोलीचं. मिस्त्रींच्या पत्नी, भाभी, तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं ओकून टाकलं... मी तिथे होतो, त्यांनी नाही म्हटलेलं मी ऐकलं होतं, मी खोटं बोललो. भाभींचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय, आण्णा. त्या दिशीच सांगितलं हुतं त्येंनी. म्हणालं, आण्णांची लेकरं ल्हान हायत, घाबरलं आसतील. एक दिस यिऊन खरं सांगतील."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दाराकडे हात केला.

"सर्व्हिसची गाडी थांबली की हातातलं काम टाकून त्ये तितं उभं ऱ्हायचं. कोण कोण उतरतंय बघायचं. गाडी गेली की आत यायचं. पाच वर्सं, आण्णा. आन् तुमी आज उतरलासा."