अप्पाचं पत्रक मी ओळखलं नाही

"हे मराठी आहे?"

सरांनी कागद दोन बोटांत धरून वर केला, सगळ्या हॉलला दिसेल असा. मग मोठ्यानं वाचला. "देवापुढं समदे सारखे म्हणताव. मंग हाटेलात आमचा गिलास वायला कामून?" 'वेगळा'ऐवजी 'वायला', तिथं थांबले. 'का'ऐवजी 'कामून', तिथं पुन्हा थांबले. पहिल्या रांगेतून हसू आलं आणि मागं पसरत गेलं.

कागद माझ्या वडिलांचा, अप्पाचा होता. आणि अप्पा शेवटच्या रांगेत बसला होता.

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मी मराठीची अतिथी व्याख्याता होते. दरवर्षी नवा आदेश निघाला तर नोकरी, नाही तर घर. सर विभागप्रमुख. त्यांच्या घरात तीन पिढ्या मराठीचे मास्तर. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. आजोबांनी धर्म बदलला, पण वस्ती गावाबाहेरच राहिली. अप्पा हुमनाबादला शिलाईचं काम करतो. रविवारी आमच्या छोट्या प्रार्थनाघरात चार शब्द सांगतो. आणि पत्रकं लिहायचा. एका पानाची, छापखान्यात सगळ्यात स्वस्त कागदावर काढलेली. वर येशूचं वचन, खाली गावाला एक प्रश्न, आणि शेवटी नुसतं स्वतःचं नाव, आडनाव नाही.

त्या दिवशी चर्चासत्र होतं, लहान भाषांमधल्या लेखनावर. मी निबंध वाचला तो ब्रिटनमधल्या वेल्श भाषेवर. फ्रान्समध्ये राजाला खाली ओढलं, त्या काळात वेल्समधले काही धर्मोपदेशक आपल्या भाषेत राजकारण लिहीत होते. कोर्ट इंग्रजीत, सरकार इंग्रजीत, शेतकऱ्याला मात्र वेल्शच कळायची. म्हणून त्यांनी तिच्यातच विचारलं, राजाला माणसांवर हक्क कुणी दिला? लिहिणाऱ्यांत एक खानावळवालासुद्धा होता.

चर्चासत्राआधी फोनवर हे अप्पाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे आपल्यावानीच की गं! म्या येतो ऐकायला."

आला. स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घालून, पहाटेच्या बसनं. पिशवीत पत्रकं. मी बोलावलं नव्हतं. तो आल्यावर मी कुणाशी त्याची ओळखही करून दिली नाही. चहाच्या सुट्टीत त्यानं पत्रकं वाटली आणि त्यातलंच एक सरांच्या हातात पडलं.

"मॅडम," सर माझ्याकडे वळले. "तुमच्याच भागातलं दिसतंय. खाली नाव आहे बघा. ओळखता का या लेखकाला?"

"नाही सर."

इतकंच बोलून मी थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे हसत होते, म्हणून मीही हसले. आवाज काढून.

त्या वेल्श खानावळवाल्याला मी पंधरा मिनिटं मान दिला होता. बापाला एक मिनिट देता आला नाही.

संध्याकाळी त्याला बसस्टँडवर सोडायला गेले. तो म्हणाला, "चांगलं वाचलीस. मागं नीट ऐकू येत नव्हतं बग." मी मान हलवली. खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. बस लागली. तो खिडकीतून हात करत होता आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, कुणी पाहिलं नाही. हो, असंच आलं. आज लिहिताना ते वगळणार नाही.

दोन महिन्यांनी चर्चासत्राच्या पुस्तकाचं काम निघालं. सरांनी स्वतः लेख लिहिला होता, सीमाभागातल्या मराठीच्या घसरणीवर. नमुना म्हणून अप्पाचं पत्रक, नावासकट. मला म्हणाले, "शेजारच्या रकान्यात शुद्ध रूप लिहून द्या. तुम्हाला ती बोली कळते."

मी लिहायला बसले. 'समदे' खोडून 'सगळे'. 'मंग' खोडून 'मग'. एकेक ओळ साफ करत गेले. आदेशाचे दिवस जवळ आले होते.

'वायला'जवळ आले आणि हात थांबला. 'वेगळा' लिहायचं होतं, साधी गोष्ट. पण सातव्या वर्षी मी तो गिलास हातात धरला होता. आमच्या वस्तीसाठी हॉटेलबाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा. अप्पानं चहा पिऊन तो धुतला, मीही माझा धुतला. हॉटेलवाला ओरडला होता, "ए, वायला ठेव, वायला!" तो शब्द मी व्याकरणातून शिकले नव्हते.

रकान्याचा कागद फाडला. मूळ लेख घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, हे माझ्या वडिलांचं आहे."

ते जरा गडबडले. मग मऊ आवाजात म्हणाले, "अरेरे, आधी सांगायचं ना. काही हरकत नाही, आपण नाव काढून टाकू."

"नाव राहू द्या. 'शुद्ध रूप' काढा. आणि त्यांनी गिलासाचं विचारलंय, त्यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही. ती लिहा."

"मॅडम, हा भाषेचा लेख आहे."

"मग माझा निबंध परत द्या."

पुढच्या वर्षी माझा आदेश निघाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हुमनाबादला आले. अप्पा मशीनवर होता. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी मी हसले होते, तेही. त्यानं पाय थांबवला.

"ठावं हाय. ऐकलो की."

"अप्पा, पुन्हा लिही."

"बसतो लिव्हायला. मग त्या समद्याचं हासणं येतंय कानात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "त्यात तुझं वळखू येतंय."

पुन्हा मशीन चालू केली.

तेव्हापासून त्यानं एक ओळ लिहिलेली नाही. त्या हॉलमधल्या दीडशे माणसांनी त्याला गप्प केलं नव्हतं. असल्या हसण्याची त्याला जन्मापासून सवय होती. मी गप्प केलं. त्यानं माफ केलेलं नाही आणि मीही माफी मागून सुटका करून घेणार नाही.

आता पत्रक मी लिहिते. आमच्या बोलीत, जशी घरात बोलतो तशी. खाली माझं पूर्ण नाव. शिकवण्या घेते, त्यावर घर चालतं. कॉलेजातून आता बोलावणं आलं तरी या बोलीसकट घेणार असतील तरच जाईन. माझ्या मराठीतल्या चुका काढायच्या तर खुशाल काढा. आधी म्या काय इचारलंय, त्याचं उत्तर द्या. ते मिळंस्तोर दर महिन्याला लिव्हणार.