रेडियमची झूल

हातकणंगल्याहून शिरोळकडं जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच संयोगिताचं शिवणकामाचं दुकान. साखर कारखाने सुरू झाले की दारावरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि तिच्या मशीनचा आवाज तिलाच ऐकू यायचा नाही.

गेल्या हंगामात तिचा नवरा उदयसिंह कामावरून परतताना अशाच एका ट्रॉलीवर आदळला. टायर फुटून ती रस्त्यात उभी होती, मागं दिवा नव्हता. मोटारसायकलचा चेंदामेंदा झाला. माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

ट्रॅक्टरवाल्याला फाडून खायच्या तयारीनंच ती दवाखान्यात पोचली. तो पायरीवर बसला होता. गुरुसिद्ध त्याचं नाव, सीमेपलीकडचा. उदयसिंहला उचलून आणणारा तोच, असं नर्सनं सांगितलं. त्याच्या शर्टावरचं रक्त वाळून गेलं होतं.

"मागं दिवा का न्हवता रं?" तिनं विचारलं.

"झाडाची फांदी टाकलती, अक्का. अंधारात कुणाला दिसती ती? आमच्या सगळ्यांचं असंच हाय."

ओठावर आलेल्या शिव्या तिथंच राहिल्या. सगळ्यांचं असंच, म्हणजे रोज कुणाच्या तरी घरावर हीच वेळ.

उदयसिंह घरी आल्यावर तिनं जुनी ताडपत्री बैलाच्या झुलीएवढी कापली, तिच्यावर लाल रेडियमच्या पट्ट्या शिवल्या, कोपऱ्यांना नाड्या लावल्या. जाड कापडात सुया मोडल्या, बोटं सुजली. गुरुसिद्धनं ती ट्रॉलीमागं बांधली. तिन्हीसांजेला मागून गाडीचा उजेड पडला आणि झूल लांबूनच झळकली.

मग संयोगिता तशाच झुली शिवून येईल त्या ट्रॉलीला थांबवू लागली. एकानं टिंगल केली, "वैनी, ट्रॉलीचं लगीन हाय काय?"

"घरात बायकोपोरं हाईत न्हवं तुझी? मग बांध की."

त्यानं खाली उतरून झूल बांधली.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधीच गावच्या तरुण मंडळानं रेडियम आणून दिलं. उदयसिंह लंगडत का होईना, दुकानात बसून पट्ट्या कापतो. नव्या ट्रॅक्टरवाल्यांना गुरुसिद्ध कन्नडमधून समजावतो. त्यातले काही ऐकतात, काही हसून पुढं जातात.

परवा दिवस मावळताना एक बिनझुलीची ट्रॉली आली. संयोगिता झूल काखेत मारून रस्त्याकडेला गेली आणि हात वर केला.

"पावणं, जरा थांबा की."