डावा अंगठा कुठी ठेवावा

फौजेतून रिटायर होऊन आलो तवा वाटलं, आता वावर पाहाव आन् निवांत राहाव. पण किन्हीराजाच्या पलीकडं, टेकडीच्या पोटाशी, एका ठेकेदार भाऊनं रायफल क्लब काढला आन् मले उस्ताद म्हणून बसवलं. लायसन पाहिजे तर पिस्तूल धरता येते असं सर्टिफिकेट लागते, ते आमच्या क्लबात भेटते. तवापासून असे असे नमुने येऊन राह्यले का किस्से ठेवाले घरात जागा नाही. बायको म्हणते, तुमालेच सारे येडे कसे भेटतात? आता काय सांगू तिले.

शिकवाचं तसं लय काही नाही. उजव्या हातानं मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धराची. जी जागा रिकामी राहते तिच्यावर डावा तळहात बसवाचा, डावी बोटं उजव्या बोटायवर. दोन्ही अंगठे डाव्या बाजूनं, नळीच्या दिशेनं सरळ. निशाना धरेपर्यंत घोड्यावर बोट नाही म्हणजे नाही. गोळी सुटली का पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाईड म्हणतात त्याले, झटक्यानं मागं येते. तिच्या मागं अंगठा सापडला का कापलाच समजा. चौथीतल्या पोराले समजन एवढं हे सोपं हाये. पण आमचं गिऱ्हाईक सिनेमे पाहून येते.

* * *

मालेगावचा एक प्लॉटवाला आला. गळ्यात चैन, डोयावर काळा चष्मा. पिस्तूल एका हातानं आडवं धरलं. दुसरा हात काहून लावत नाही, असं विचारलं तर म्हणे, तो मोकळा पाहिजे. कायले? तर फोनवर व्हिडिओ काढाले!

आठ दिवस त्याले रिकाम्या पिस्तुलावरच ठेवलं. रोज विचारे, काका, गोळ्या कवा देता? शेवटी मी म्हणलं, "बाप्पू, हातात पिस्तूल हाये का नळाची तोटी, ते आधी हाताले समजू दे." नवव्या दिवशी आलाच नाही. बरं झालं.

* * *

एक रिटायर हेडमास्तर आले. रानडुकरायसाठी लायसन पाहिजे म्हणे. आता डुकरायसाठी पिस्तूल कोण घेते? पण मास्तरायले कोण समजावन! डावा हात मुठीच्या खाली, बशी धरतात तसा. मी म्हणलं, गुरुजी, चहा आणू का? त्यायले राग आला. पुस्तकात असंच चित्र होतं म्हणे, आन् पुस्तक चुकत नसते.

पाच गोळ्या मारल्या. दर गोळीले डावा हात सुटून खाली. जाऊन पाहतो तर निशान्याचा कागद कोरा. गुरुजी चष्मा पुसून म्हणाले, "कागद नवाच लावला वाटते?"

"नाही गुरुजी," मी म्हणलं, "तुमच्यामुळं नवा राह्यला."

* * *

एकजण पोहरादेवीचं दर्शन घेऊन थेट गोळीबाराच्या रेंजवरच आला. आधी पूजा, मंग शिक्षण. क्लबाचं पिस्तूल पाटावर मांडलं, हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. देवळातल्या होमाचं तूप तसंच हाताले. मी ओरडून राह्यलो का हात धू, तर म्हणे, प्रसाद धुवत नसतात.

धरलं. मी शिकवलं तसंच धरलं, दोन्ही अंगठे सरळ, सारं बरोबर. आन् पिस्तूल हातातून निसटून थेट रेतीच्या पोत्यावर. रिकामं होतं म्हणून बरं. त्यानं टेकडीकडं पाहून हात जोडले, म्हणे देवीचीच इच्छा नाही.

"देवीचं नाव नको घेऊ," मी म्हणलं. "साबण तिकडं हाये."

* * *

आता कांताचं सांगतो. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बाई, सोनाराच्या दुकानात गेटवर उभी राहे. शेठनं सांगतलं, सर्टिफिकेट आण, तुले हत्यारी गार्ड करतो. नाही आणलं तर दिवाळीनंतर गेटवर दुसरा माणूस. म्हणजे कांता पुन्हा ऊस तोडाले आन् दोन्ही पोरींची शाळा बंद. हे तिनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं, हजेरी द्यावी तसं.

हात लहान. पण एकदा सांगतलं का दुसऱ्यांदा सांगा लागे नाही. दहा दिवसांत एवढा तयार झालेला शागीर्द मी फौजेतही पाह्यला नाही. शेवटच्या दिवशी साऱ्या गोळ्या काळ्या गोलात.

पण सर्टिफिकेटवर सही क्लबवाल्या भाऊची लागते. भाऊ आला, पांढरेशुभ्र कपडे, संगं दोन चमचे. निशान्याच्या कागदाकडं पाह्यलं नाही, तिच्या बांगड्यायकडं पाह्यलं आन् फॉर्मवर लिवलं: पकड कमजोर, नापास. मी भांडलो. माह्या जीवाले लागलं ना! भाऊ हासला.

"बाईच्या हाताचं काम नाही हे, काका. पकड काय राहते ते मी दाखवतो."

भरलेलं पिस्तूल उचललं. डावा अंगठा उजव्या हातावरून आडवा, बरोबर स्लाईडच्या मागं. मी तोंड उघडाच्या आधी कांता मोठ्यानं बोलली, "थांबा भाऊ. अंगठा मागं हाये." रेंजवर कोणीही थांबा म्हणलं का थांबाचं, हा नियम भाऊनंच पाटीवर रंगवून घेतला होता. भाऊ थांबला नाही.

गोळी टेकडीले लागली असन. अंगठ्याचं व्हाचं ते झालं. मी पिस्तूल घेऊन रिकामं केलं. कांतानं औषधाच्या पेटीतली पट्टी काढली, अंगठ्यावर घातली आन् दोन्ही हातानं असा दाबला का रक्त जागीच थांबलं. तशीच जीपमध्ये बसली. दवाखान्यापर्यंत भाऊ "आई वं, आई वं" करून राह्यला.

डॉक्टरनं पाह्यलं, म्हणाले, "शाब्बास बाई. आता सोडा, टाके घालतो."

कांतानं सोडलं नाही.

"डॉक्टरसाहेब, भाऊनं मले पकड कमजोर म्हणून नापास केलं," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच पाहा बरं, सुटते का."

डॉक्टरनं तिचं एक बोट उचलून पाह्यलं. मंग दुसरं. मंग भाऊच्या तोंडाकडं पाह्यलं. मी खिशातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरनं आपला पेन पुढं केला. भाऊचा उजवा हात मोकळाच होता.