शाहीन बाजींचं व्याकरण

शाहीन बाजी गेल्याचं मला त्यांचं दफन होऊन चौथ्या दिवशी कळलं. गारखेड्यातल्या ज्या भाषावर्गात मी इटालियन शिकवते तिथली दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. पोरं तिकडच्या विद्यापीठांच्या फॉर्मबद्दल बोलत जिना उतरत होती, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी रुखसार. शाहीन बाजींची भाची. बाजी गुरुवारी वारल्या. त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता..." मी विचारलं, आधी का नाही कळवलंत? ती म्हणाली, "त्या नंबरवर काट मारलेली होती, मॅडम. लावू का नको, असं झालं."

बाजी वेरूळ-अजिंठ्याच्या गाइड. इटलीहून येणाऱ्या पर्यटकांसोबत लेणी चढता-उतरता त्या ती भाषा बोलायला शिकल्या. नंतर पुण्यात राहून रीतसर परीक्षाही दिल्या. वडिलांचं शहागंजात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत बाजी राहायच्या. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलेलं त्यांना खपायचं नाही.

मी पिशोरची. बी.ए. होऊन शहरात आले, गाइडच्या कामासाठी इंग्रजीच्या मुलाखतीला बसले आणि दोन वाक्यांत बाहेर पडले. वऱ्हांड्यात रडत होते तेव्हा बाजी शेजारी येऊन बसल्या. "कुठली गं तू?" म्हटलं, पिशोरची. "इंग्रजी नाय येत मला. लई भीती वाटते." त्या हसल्या. "नक्को इंग्रजी. इटालियन शीक. तुझ्या मराठीतूनच शिकवते. आपली मराठी त्या भाषेला इंग्रजीपेक्षा जवळची आहे, हे कुणाला ठाऊक नाही." दुसऱ्या दिवसापासून मी शहागंजातल्या त्या खोलीत जाऊ लागले. तीन वर्षं गेले. बाजींनी कधी काही घेतलं नाही, उलट जेवू घालायच्या.

भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ त्यांनी मला कसा शिकवला, ते आजही जसंच्या तसं आठवतं. मी वाक्य केलं होतं, 'काल मी बाजारात गेले होते.' बाजींनी विचारलं, "मग? पुढं काय झालं?" म्हटलं, काही नाही, परत आले. "मग 'होते' कशाला लावलंस? आपण मराठी माणसं कुठंही 'होतं' लावून मोकळे होतो. इटालियन माणूस विचारतो, कशाच्या आधी? एक गोष्ट घडून गेली आणि तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती, तेव्हाच हा काळ. नुसतं बाजारात गेलीस तर साधा भूतकाळ पुरे." मग त्यांनी पाटीवर लिहिलं : क्वान्दो सियामो आर्रिवाती, लाउतोबुस एरा जा पार्तितो. आम्ही पोहोचलो तेव्हा बस सुटून गेली होती. "बघ, पोहोचणं झालं, आणि बस त्याच्या आधीच गेली. दोन पायऱ्या. खालची पायरी दिसली पाहिजे." जाण्या-येण्याच्या क्रियापदांना 'असणे' लावायचं, खाण्या-लिहिण्याच्या क्रियापदांना 'जवळ असणे', हेही तेव्हाच शिकले. 'असणे' लावलं की क्रियापदाचं शेपूट कर्त्याप्रमाणे बदलतं. पुल्लिंगी असेल तर पार्तितो, स्त्रीलिंगी असेल तर पार्तिता. "गेला होता, गेली होती. आपण बोलायला शिकतो तेव्हापासूनच हे येतं आपल्याला. इंग्रजीवाल्यांना इथं घाम फुटतो." याच जातीचा आणखी एक काळ आहे, तो फक्त जुन्या पुस्तकांत भेटतो. त्याच्याबद्दल त्या म्हणायच्या, "ओळख ठेव. बोलायला जाऊ नको. लोक हसतील."

हे सगळं त्यांनी हळूहळू लिहून काढलं. मराठी माणसासाठी, मराठीतून, इटालियनचं व्याकरण. उदाहरणं सगळी इथलीच... शहागंजातली बस, गुलमंडीवरची गर्दी, पिशोरचा आठवडी बाजार. पिशोर माझ्यासाठी घातलं होतं. मला गारखेड्याच्या वर्गात नोकरी लागली तेव्हा तिथल्या सरांना एक छोटं पुस्तक हवं होतं. मीच बाजींना म्हटलं, तुमचं द्या ना. त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. मी सगळं टाइप केलं. सरांनी उदाहरणं 'जरा दर्जेदार' केली, म्हणजे शहागंज काढून रोम घातलं, पिशोर काढून व्हेनिस. पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर लेखक म्हणून सरांचं नाव होतं. खाली, साहाय्य, माझं. बाजींचं नाव कुठंच नव्हतं.

मला ते प्रकाशनाच्या दिवशीच कळलं, असं मी पुष्कळांना सांगितलंय. ते खोटं आहे. शेवटची प्रुफं मीच तपासली होती. नोकरी नवी होती, सर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत आभार मानू त्यांचे," आणि मी मान हलवली.

पुस्तक द्यायला मीच गेले. बाजींनी पहिलं पान पाहिलं. पानं उलटत गेल्या, एका जागी थांबल्या, पेन्सिल मागितली. सरांनी तिथं बसच्या जागी व्हेनिसचं जहाज घातलं होतं. ला नावे एरा जा पार्तितो. बाजी म्हणाल्या, "नावे स्त्रीलिंगी आहे, मीना. पार्तिता पाहिजे. बस काढली, पण बसचं शेपूट तसंच राहिलं." पेन्सिलीनं 'तो'चा 'ता' केला आणि पुस्तक मला परत दिलं. "सरांना दाखव. पोरं चुकीचं शिकतील." मी ओरडा खायला तयार होऊन गेले होते. त्यांनी चहा विचारला, आणि मी नको म्हटलं.

त्यानंतर चार वर्षं आम्ही भेटलो नाही. एकदाच त्यांचा फोन आला. शहरातल्या एका कॉलेजात गाइडचा अभ्यासक्रम सुरू होणार होता आणि शिकवणाऱ्याचं छापील लेखन मागितलं होतं. "एक कागद दे लिहून. पुस्तक मी लिहिलं, तू टाइप केलंस, एवढंच. जास्त काही नको." मी म्हटलं, सरांना विचारून सांगते. बाजी म्हणाल्या, "सरांना कशाला? मी तुला विचारतेय." मी म्हटलं, हो, बघते. आणि बघितलं नाही. आधी परीक्षा होत्या, मग मुलीचं आजारपण, मग इतके दिवस झाले होते की फोन करायचीच लाज वाटायला लागली. ती जागा भरली गेली. मग त्यांच्या किडन्या गेल्याचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालल्याचं कानावर आलं. जाईन म्हटलं... माझ्या घरापासून शहागंज किती लांब आहे? रिक्षानं पंचवीस मिनिटं.

म्हणून तो कागद इथं लिहिते आहे. ते पुस्तक शाहीन बाजींनी लिहिलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मी टाइप केलं. सरांनी गावांची नावं बदलली. गेल्या आठवड्यात सरांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "आता कोणाला काय उपयोग त्याचा?" उपयोग नाही, हे खरंच आहे.

परवा रविवारी शेवटी त्या घरी गेले. रुखसारनं दार उघडलं, वर बोट दाखवलं. मला वाटलं, खोली रिकामी असेल. आत तीन मुली चटईवर बसून वाचत होत्या. शेवटच्या महिन्यापर्यंत बाजी त्यांना शिकवत होत्या, पडून पडून. आता त्यांच्या त्याच यायच्या, दर रविवारी चार वाजता. तिघींच्या हातात त्याच पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. मराठीतून दुसरं पुस्तक आहे कुठं? मी एक उचलून पाहिली. पहिलं पान नव्हतं.

"हे कुणी काढलं?"

"कुणी नाही काढलं," त्यांच्यातली मोठी म्हणाली. "बाजींनी झेरॉक्सवाल्याला सांगितलं होतं, दुसऱ्या पानापासून काढ. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, मीही त्यांचीच विद्यार्थिनी. मुलींचे चेहरे उजळले. एक सरकली, मला चटईवर जागा करून दिली. "मग आम्हाला शिकवाल का, मॅडम? पुढचे धडे राहिलेत." क्षणभर वाटलं, हो म्हणावं. तेवढं तरी करता येईल. पण न सांगता तिथं बसणं मला जमेना. मी सांगितलं त्यांना, त्या नसलेल्या पानावर काय होतं, कुणाची नावं होती.

धाकट्या दोघी मोठीकडं बघत राहिल्या. तिनं तिची झेरॉक्स पिशवीत घातली, ओढणी नीट केली आणि उठली. आवाज चढवला नाही. "आज राहू द्या मग," म्हणाली. तिच्यामागून दोघी उठल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग खाली दुकानाचं शटर, मग शहागंजाचा नेहमीचा गलका.

खिडकीशी बाजींचं लाकडी स्टूल होतं. शिकवताना त्या त्याच्यावर बसायच्या. मुली चटईवर बसल्या होत्या, त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. मीही बसले नाही.