गारगोटीची सुरी

चौथीत असताना मी वर्गात सांगून ठेवलं होतं की माझी आई कंपनीत जाते. त्या काळात विश्रांतवाडीत ज्याचं त्याचं कुणी ना कुणी कंपनीत लागत होतं, मग मीच का मागे राहू? आई खरं तर सोसायट्यांतून हिंडून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नीट होत नाही, म्हणून छिन्नीनं बारीक खाचा पाडून द्यायच्या. घरोघरी मिक्सर आले होते. दिवसभर ओरडून तिचा घसा बसायचा आणि काम मिळायचं एखाद-दुसरं.

बाईंनी अश्मयुग शिकवायला घेतलं. आमच्या बाई धडा वाचून दाखवून मोकळ्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. खाकी कागदावर गेरूनं हरणं काढून झाली, पोत्यांची झोपडी झाली. मग त्या म्हणाल्या की शनिवारी पालकांसमोर प्रत्येक गटानं स्वतः केलेल्या दगडी हत्यारानं काथ्याची दोरी कापून दाखवायची. लोखंडाला हात लावायचा नाही.

"आदिमानवाच्या गल्लीत हार्डवेअरचं दुकान नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी लगेच हात वर केला. आमच्या गटाचं हत्यार मीच करणार होते आणि तेही एकटीनं.

तीन दिवस काळा दगड काळ्या दगडावर आपटला. भुकटी पडली, अंगठ्याचं नख निळं झालं, पण धार निघेल तर शपथ. आई स्टोव्हपाशी बसून बघत होती. मी तिला विचारणार नव्हते म्हणजे नव्हते. ती मदतीला आली की उद्या वर्गात तिचं नाव निघणार, आणि मग कंपनीचं काय?

चौथ्या संध्याकाळी तिनं माझ्यापुढे एक गारगोटी ठेवली. कामावरून येताना एका इमारतीच्या पायाच्या खोदकामातून उचलून आणली होती.

"काळ्याला असली धार न्हाय यायची. ही घे. मधी नको मारू, काठावर मार, तिरकं."

माझ्या गुडघ्यावर तिनं पोतं टाकलं आणि कपच्या उडतील म्हणून माझ्या डोळ्यांसमोर स्वतःचा पदर धरला. दगड मात्र एकदाही हातात घेतला नाही. "तुझ्या शाळंचं हाय, तूच फोड," म्हणाली. कितव्या तरी घावाला कांद्याच्या पाकळीएवढा कपचा सुटला आणि लगेच माझं बोट कापलं. मला इतका आनंद झाला की रक्त पुसायचंही सुचलं नाही.

शनिवारी मी आईला मुद्दाम उशिराची वेळ सांगितली होती. तरी ती वेळेवर आली आणि मागे, दाराशी उभी राहिली. बाकीच्या गटांचे दगड दोरीला नुसते घासत बसले. माझ्या कपच्यानं दोरीचे पीळ एकेक करून सुटले आणि दोरी तुटली. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, हे शिकवलं कुणी तुला?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं."

बाईंनी माझ्या निळ्या नखाकडे पाहिलं, मग दाराकडे. "काय हो, घरी बरीच पुस्तकं दिसतात."

"हायेत की," आई म्हणाली. "लई वाचती ती."

आमच्या घरी माझं दप्तर सोडलं तर वाचायला एक कॅलेंडर होतं. मला शरम वाटली, पण तिची नव्हे. घरी जाताना आई दोरीचंच कौतुक करत होती. रविवारभर मला तिचं ते 'लई वाचती ती' ऐकू येत राहिलं. आता काहीही होवो, वर्गात खरं सांगायचंच, असं ठरवलं.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी कुणी न विचारता उभी राहिले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. माझी आई कंपनीत जात नाही, पाट्यांना टाकी लावते आणि गारगोटी फोडायला मला तिनं शिकवलं. कुणी हसलं नाही. पोरांना एवढंच विचारायचं होतं की ती येऊन आम्हालाही शिकवेल का. बाईंनी शुक्रवारचं बोलावणं धाडलं.

मी धावतच घरी गेले आणि आईला सगळं सांगून टाकलं. शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. आईनं हातातली छिन्नी खाली ठेवली.

"कशापायी सांगितलंस गं? तुझ्या मैत्रिणीच्या आईनं मला कवाच इचारलं हुतं, तुमी कंपनीत जाता न्हवं म्हणून. तुझं खोटं पडू नये म्हणून मी बी हो म्हणत आले वरीसभर. आता तिला मी काय सांगू?"